पॉलिसी काढलीत का?

माझ्या सासऱ्यांना मोटार तयार होताना बघायची होती. जर्मनी बघायची त्यांना फारशी हौस नव्हती. "किल्ले, चर्च, बर्फाचे डोंगर तुमच्या सासूबाईंना दाखवा. मला तेवढा पट्टा दाखवा," असं ते म्हणत. पट्टा म्हणजे कारखान्यातली ती सरकती लाइन, जिच्या एका टोकाला पत्रा चढतो आणि दुसऱ्या टोकाला गाडी उतरते. साताऱ्याला सरकारी बसच्या डेपोत त्यांनी उभी हयात काढली होती. शेवटची वर्षं ते वर्कशॉपचे फोरमन होते. हजारो गाड्या उघडल्या, दुरुस्त केल्या, पुन्हा रस्त्यावर पाठवल्या. पण जन्माला येताना एकही पाहिली नाही, ही त्यांची खंत होती.

आम्ही तेव्हा जर्मनीत इंगोलश्टाटला राहत होतो. मी गाड्यांच्या दारांचे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत होतो, आणि मोठा कारखाना आमच्या घरापासून बसने थोड्याच अंतरावर. तिथे पाहुण्यांना आत नेऊन सगळं दाखवायची सोय होती. मुलगी तीन वर्षांची झाली होती. आजी-आजोबांना तिने फक्त पडद्यावर पाहिलं होतं, त्यामुळे ते दोघं तेवढ्याच आकाराचे असतात अशी तिची समजूत होती. त्या उन्हाळ्यात त्यांना बोलवायचं ठरलं.

दर रविवारी आमची जेवणं झाली की व्हिडिओ कॉल व्हायचा. तिकडे साताऱ्यात दुपारची झोप आणि चहा आटोपलेला असे. बाबा खुर्ची ओढून अगदी कॅमेऱ्याजवळ बसत, त्यामुळे आम्हाला त्यांचं कपाळ आणि चष्मा एवढंच दिसे. नातीशी दोन शब्द झाले की त्यांचा प्रश्न ठरलेला.

"जावईबापू, पॉलिसी काढलीत का?"

"अजून नाही, बाबा."

"काढून टाका हो. चांगल्या कामाला उशीर कशाला?"

मी त्यांना दर वेळी कारणं सांगायचो. माझी सुट्टी मंजूर झालेली नव्हती. व्हिसाच्या अर्जाची तारीख मिळालेली नव्हती. अर्जासोबत प्रवासाच्या विम्याची पॉलिसी लागते हे खरं, पण तिच्यात जाण्यायेण्याच्या तारखा घालाव्या लागतात, आणि तारखा ठरल्याशिवाय पॉलिसी काढणं म्हणजे माप न घेता शर्ट शिवणं. मी तीन-चार कंपन्यांचे दर मांडून एक तक्ता केला होता. कोणती पॉलिसी घ्यायची ते ठरलं होतं. फक्त कधी, ते अर्जाची तारीख मिळाली की. मला हा निर्णय इतका सरळ वाटत होता की त्यांच्या घाईचं कोडं पडायचं. मग मीच त्याचं उत्तर काढलं. त्यांना पुढच्या हिवाळ्यात सत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि सत्तरीनंतर हप्ता चढतो. त्याचीच काळजी असणार. मी त्यांना समजावलं, की आपण उन्हाळ्यातच येणार, काही फरक पडत नाही. त्यांनी मान हलवली. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न.

एका रविवारी दारावर गॅसवाला आला म्हणून ते उठून गेले. रिकाम्या खुर्चीत सासूबाई पटकन येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ती पॉलिसी एकदाची काढून टाका ना. म्हणजे हे डॉक्टरकडे तरी जातील."

"डॉक्टरकडे? कशाला?"

"जिना चढताना मध्येच थांबतात. छातीत दाबल्यासारखं होतं म्हणतात. मी म्हटलं, दाखवून या. तर म्हणाले, आत्ता नको. डॉक्टरनं कागदावर काही लिहिलं, की कंपनी म्हणणार हा आधीचाच आजार. पॉलिसी हातात येऊ दे, मग जातो."

तेवढ्यात ते परत आले आणि सासूबाई हवापाण्याचं बोलू लागल्या.

परदेशप्रवासाच्या विम्यात खरी मेख तीच आहे. पॉलिसीच्या आधीपासून असलेला आजार तिच्यात बसत नाही. नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्यावर डॉक्टरकडेच न जाण्याचा तोडगा मी तोवर ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या माझ्या एका नागपूरकर मित्राला सांगितलं, तर त्याला काही आश्चर्य वाटलं नाही.

"मग आजच काढ की. आणि उद्या पाठव त्यांना डॉक्टरकडे. आपल्याकडं सगळे हेच करतात बे."

"अर्जात विचारतात ना, काही त्रास आहे का म्हणून."

"त्रास कुठं आहे? डॉक्टरनं सांगितलाय का?"

"नाही."

"गेनाऊ, बरोब्बर! मग नाही लिही."

त्याचं बोलणं मला अगदीच वेडगळ वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या लोकांच्या हिशेबात आजार सुरू होतो तो डॉक्टरने त्याचं नाव उच्चारल्यापासून. त्याआधी असतो तो थकवा, नाहीतर पित्त.

संध्याकाळी बायकोशी बोललो. ती गाजरं किसत होती.

"मी आज पॉलिसी काढू शकतो," मी म्हणालो, "पण मग 'काही त्रास नाही' असं खोटं लिहावं लागेल. उद्या इथे काही झालं तर कंपनी जुने कागद मागणार. शिवाय पाहुण्यांच्या दवाखान्याच्या खर्चाची हमी मी सरकारी कचेरीत सही करून द्यायची आहे. एका हृदयाच्या ऑपरेशनचं बिल इथे..."

"बिल राहू दे." तिने किसणी खाली ठेवली. "बाबांच्या छातीत दुखतंय, आणि आपण पॉलिसी कधी काढायची ते बोलतोय."

मी किसणी उचलून उरलेलं गाजर किसायला लागलो. मग तीच म्हणाली, "त्यांना बिलाची भीती नाही रे. डॉक्टर जाऊ नका म्हणेल, याची आहे."

"मग काय करायचं?"

"फोन लाव. तू बोल. माझं ऐकणार नाहीत."

बुधवार होता. मधल्या वारी फोन आला म्हणून बाबा आधी घाबरले. मी आडवळणं घेतली नाहीत. तो माझा स्वभावही नाही.

"बाबा, तुम्ही डॉक्टरकडे जाऊन येईपर्यंत मी पॉलिसी काढणार नाही."

 आतल्या खोलीकडे तोंड करून ते सासूबाईंना म्हणाले, "सांगितलंस वाटतं? पोटात काही राहत नाही तुझ्या." आणि मला म्हणाले, "अहो, तुम्ही शिकलेले लोक. एवढं साधं गणित तुम्हाला कळू नये? आधी पॉलिसी, मग डॉक्टर. नुकसान कुणाचंच नाही."

"तुमचं आहे."

"माझं मी बघतो."

"मग पॉलिसी मी बघतो."

हे जरा जास्तच झालं. जावयाने सासऱ्याशी असं बोलायचं नसतं. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"बाबा, मी लहान होते तेव्हा तुम्ही जेवताना एक गोष्ट सांगायचात. गाडी भरलीय, कंडक्टरनं शिट्टी वाजवलीय, प्रवासी ओरडताहेत..."

"बरं, मग?"

"मग तुम्ही काय करायचात?"

"आधी ब्रेक बघायचो." एवढं बोलून ते थांबले. बहुधा आपण कुठे सापडलो ते त्यांच्या लक्षात आलं. "ते सरकारी गाडीचं होतं," ते पुटपुटले. मागून सासूबाईंचं हसू ऐकू आलं, आणि आम्हालाही हसू आवरलं नाही. ते मात्र हसले नाहीत.

दोन दिवसांनी ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना घरी सोडलंच नाही, पुण्याला पाठवलं. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीचशी बंद झाली होती. बायको मिळेल त्या विमानाने गेली. स्टेंट बसला, सगळं व्यवस्थित पार पडलं. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, की यंदा लांबचा प्रवास नाही.

सगळ्यांनी मला शहाणपणाची पावती दिली. एकट्या बाबांनी दिली नाही. बायको परत आल्यावर रविवारचे कॉल पुन्हा सुरू झाले, पण खुर्ची आता मागे सरकलेली असे आणि ते माझ्याशी थेट बोलत नसत. मी "कसे आहात?" विचारलं की ते नातीला सांगत, "तुझ्या बाबाला सांग, आजोबा बरे आहेत." ती ते मला जर्मनमध्ये सांगायची. उन्हाळा आला, कारखान्याला सुट्टी लागली, शेजारीपाजारी समुद्रावर गेले. ज्या खोलीत त्यांच्यासाठी पलंग घेऊन ठेवला होता तिथे आम्ही कपडे वाळत घालायचो. त्या पलंगाकडे बघून मला अनेकदा वाटायचं, की आपण त्यांचा जीव वाचवला असेल, पण त्यांची सहल मात्र नक्कीच घालवली. आणि सत्तराव्या वर्षी पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा कुणी द्यावा?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी खुर्ची पुन्हा कॅमेऱ्याजवळ आली. चष्मा, कपाळ आणि हातात एक कागद.

"जावईबापू, डॉक्टरनं लिहून दिलंय. प्रवासाला हरकत नाही." त्यांनी कागद कॅमेऱ्याला इतका चिकटवला की एक अक्षर दिसेना. "आता तरी पॉलिसी काढणार, का अजून काही तपासायचंय?"

मी त्याच दिवशी कामाला लागलो. अर्जात सगळं खरं लिहिलं. हप्ता जवळजवळ दुप्पट झाला, आणि हृदयाचं दुखणं अगदी जिवावर बेतलं तरच, तेही थोड्या रकमेपर्यंत खर्च देऊ, असं कंपनीने स्पष्ट कळवलं. मी त्यांना अटी वाचून दाखवल्या. ते म्हणाले, "म्हणजे बाकी सगळ्या गाडीचा विमा, इंजिन सोडून."

"हो."

"हरकत नाही. इंजिन नुकतंच ओव्हरहॉल झालंय."

इंजिनाची जबाबदारी अर्थात माझ्यावर आली. कचेरीत जाऊन मी खर्चाच्या हमीवर सही केली. तिचं नाव फरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग. ते उच्चारताना त्यांची दमछाक झाली. अर्थ सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे जावई सासऱ्याला जामीन. आमच्या वेळी उलटं असायचं."

मे महिन्यात ते दोघं म्युनिकच्या विमानतळावर उतरले. मुलगी त्यांना बघून माझ्या मागे लपली. ते इतके मोठे असतील असं तिला वाटलं नव्हतं. त्या दिवसांत बाजारात पांढऱ्या शतावरीचे ढीग लागले होते. सासूबाईंनी तिची परतून भाजी केली, वर खोबरं घातलं, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी ती चाखून मान डोलावली आणि मग त्या बराच वेळ पाणी पीत राहिल्या. बाबा रोज सकाळी नदीकाठी चालून येत. जिना चढताना मी मागे राहून कान देत असे. ते थांबत नव्हते. एकदा वळून म्हणाले, "मागे काय चालताय? ढकलायला लागणार नाही."

शेवटी कारखान्याचा दिवस आला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशाला पेन लावलं. आत यंत्रांचे लांब हात वाकत होते, वळत होते, ठिणग्या उडत होत्या. मला वाटलं होतं ते खूप प्रश्न विचारतील. त्यांनी एकही विचारला नाही. हात मागे बांधून नुसते बघत राहिले. मग आम्ही अशा ठिकाणी आलो जिथे वरून रंगवलेली बॉडी येते, खालून इंजिन आणि चाकांचा सांगाडा येतो, आणि दोन्ही एकमेकांत बसतात. माहिती सांगणाऱ्या बाईंनी हसून सांगितलं, की इथे याला लग्न म्हणतात. मी ते मराठीत सांगितलं.

"लग्न?" बाबांचा चेहरा उजळला. "मग मुलाकडचे कुठले? वरचे की खालचे?"

"ते नाही सांगितलं."

बॉडी सावकाश खाली आली. मध्ये कुठेही अडखळली नाही. त्यांनी अजून एक गाडी पाहिली, मग अजून एक. बाई पुढे जायला सुचवत होत्या.

"दोन्हीकडची तपासणी आधीच झालेली असणार," ते लाइनकडे बघतच म्हणाले. "म्हणून कसं पटकन बसतंय बघा." आणि थोड्या वेळाने, "तेव्हा राग आला होता तुमचा, जावईबापू. खोटं कशाला बोलू."

"माहीत आहे, बाबा."

"आता नाही." त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही पुढे निघालो. बाहेर येईपर्यंत तो हात तिथेच होता.

त्या पॉलिसीतून एक पैसाही मागायची वेळ आली नाही. पुन्हा मात्र त्यांचं येणं झालं नाही. सासूबाईंचे गुडघे, मग हे, मग ते. ते गेले तेव्हा स्वतःच्या घरात, झोपेत गेले. तेव्हा त्या सहलीला दहा वर्षं होत आली होती.

त्यांच्या वर्षश्राद्धाला आम्ही साताऱ्याला जायचं ठरवलं. बरेच दिवस माझं डोकं दुखत होतं, मधूनच गरगरायचं. बायको म्हणाली, "एकदा प्रेशर तपासून घे."

मी लॅपटॉपवर विमानांचे दर बघत होतो. मान वर न करता म्हणालो, "तिकीट आणि पॉलिसी होऊ दे, मग दाखवतो."

तिकिटाची तारीख विचारायला मी वर बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, अगदी तिच्या वडिलांसारखी, चष्म्याच्या वरून.

"शिट्टी वाजली," ती म्हणाली.

मी लॅपटॉप मिटला आणि डॉक्टरांना फोन लावला.