टेलर अक्का उभी राहते

निवडणूक कधीच संपली, पण माझ्या दुकानात ती अजून चालूच आहे. ब्लाउज न्यायला आलेली बाई पिशवी हातात घेऊन तिथंच बसते आणि म्हणते, "अक्का, ते प्रचारातलं सांगा की." एक सांगून होत नाही तोवर शेजारची दुसरं आठवून देते. एवढ्याशा गावपंचायतीच्या एका जागेवरून इतकं सांगण्यासारखं घडेल, असं उभी राहताना वाटलं नव्हतं. बोलणं बहुतेक कन्नडात झालं, पण मला आठवतं ते मराठीतच.

आमचं गाव मैसूरहून हुणसूरकडे जाताना, हिनकलच्या पुढे. गावात मराठी घर एकच, आमचं. सासऱ्यांपासून शिवणकाम. हे शर्ट-पँट शिवतात, मी ब्लाउज. म्हणून मी सगळ्यांची टेलर अक्का.

*

मी उभी राहिले गारमेंट कंपनीत कामाला जाणाऱ्या मुलींमुळे. पहाटे अंधारात त्या फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत थांबतात. तिथला दिवा कितीतरी दिवस बंद होता. एका पहाटे त्यांच्यातली रेखा उघड्या गटारात पडली आणि तिचं मनगट मोडलं. पंचायतीत जाऊन सांगितलं, तर "बघू" म्हणाले.

त्या रविवारी सगळ्या जणी माझ्या दुकानात आल्या. निवडणूक जाहीर झाली होती आणि आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी राखीव होती. मला वाटलं, रेखाला उभं करायचं ठरवून आल्यात. मी म्हटलं, फार चांगलं, मी तुमच्यासोबत दारोदार फिरते. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी रेखाच प्लॅस्टरमधला हात सांभाळत म्हणाली, "अक्का, आम्हाला रजा कुठं मिळते? तुम्ही काय, घरीच असता."

मी सकाळपासून मशीनवर बसलेली असते, त्याला ही म्हणते घरी असणं. मला इतका राग आला, की त्या रागातच मी हो म्हटलं.

*

चिन्ह म्हणून मी शिवणयंत्र मागितलं. ते आमच्याच वॉर्डात उभ्या राहिलेल्या आणखी एका बाईनं मागितलं होतं. चिठ्ठी टाकली आणि ते तिला गेलं. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, हे मी स्वतः पाहिलंय. मला मिळाला कोट.

पोस्टर लागल्यावर म्हातारी माणसं दुकानात येऊन विचारायला लागली, एक कोट शिवायला किती दिवस लागतील. मी घसा फोडून सांगत होते, मी कोट शिवत नाही, तुम्ही फक्त कोटावर शिक्का मारा. आमच्या ह्यांनी मात्र तरुणपणी मैसूरला कोटाचं कटिंग शिकून घेतलं होतं. गावात कोट घालतो कोण? ती विद्या तशीच पडून होती. त्या आठवड्यात त्यांना आयुष्यातली पहिली कोटाची ऑर्डर आली, मुलीच्या लग्नासाठी एका बापाची.

रात्री जेवताना मी म्हटलं, मला हरायची भीती वाटते. ह्यांचं लक्ष कापडात होतं. म्हणाले, "तू हरलीस तरी आता चालेल."

*

माझी खरी लढत होती तिसऱ्या उमेदवाराशी, जयम्माशी. चांगली बाई, माझं जुनं गिऱ्हाईक. अर्ज भरायच्या दिवशीचा तिचा ब्लाउज मीच शिवला होता, आणि मन लावून शिवला होता. एका दुपारी ती माझ्याच घरी मत मागायला आली. म्हणाली, सगळी घरं घेतली, तुझंच एक सोडलं तर बरं दिसणार नाही. मी कॉफी केली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं आणि खुशाल सांगून टाकलं, "माझं मत तुला."

ती गेल्यावर मी कपबश्या आवरल्या. भांडी जरा जोरात ठेवली असतील. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ती उन्हातून आली, तिनं मागितलं. तू मला अजून मागितलंस कुठं?"

मग मी साडी बदलली, बाहेर जाऊन समोरच्या दारानं आत आले आणि हात जोडून सासूबाईंकडे मत मागितलं. त्या म्हणाल्या, "विचार करते."

*

आमच्या मागच्या लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, साताऱ्याचं एक नवं कुटुंब राहायला आलंय. नवरा कडकोळच्या एका कारखान्यात इंजिनीअर. त्यांची मतं साताऱ्यातच, त्यामुळे मागायला काही नव्हतं, पण ओळख झाली. ती ताई ओट्यावर बसलेली असताना मी लेकीला ओरडले, "बेगा ये गं, नल्लीला पाणी आलंय, सोप्पु धुवायचंय." लेक आतून म्हणाली, "आयतु, आले."

ताई कौतुकानं हसली. "मला तुमची कन्नड बरीच कळायला लागलीय," ती म्हणाली. "अगदी मराठीसारखी वाटते."

मी सांगितलं, "ताई, ती मराठीच होती."

तिनं तोंडावर हात ठेवला. मग बेगा म्हणजे लवकर, नल्ली म्हणजे नळ, सोप्पु म्हणजे पालेभाजी आणि आयतु म्हणजे बरं, हे शिकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून चप्पल घालून माझ्यासोबत प्रचाराला निघाली. तिची कन्नड कुणालाच कळायची नाही. तरी सगळे तिला आत बोलवायचे.

*

पिंपळाच्या पारावर सभा होती. मी कन्नडात भाषण पाठ केलं होतं. समोर अख्खं गाव बघितलं आणि पाठ केलेलं सगळं विसरले. घाबरले की माझ्या तोंडून घरची भाषा येते. दिवा, गटार, रेखाचा हात, सगळं मी घडाघडा मराठीत सांगून टाकलं. कुणीच अडवलं नाही. खाली बसल्यावर रेखानं कानात सांगितलं, तेव्हा मला कळलं.

जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं होतं. तेवढ्यात पुढे बसलेले निंगय्या अज्जा काठी टेकत उठले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "मला एक शब्द कळला नाही. पण इतक्या वेळात हिनं कुणाला शिवी दिली नाही, एवढं कळलं. माझं मत हिला."

*

मी थोडक्या मतांनी निवडून आले. दिवा लागायला पुढं बरेच हेलपाटे घालावे लागले, पण लागला. सासूबाईंनी मत कुणाला दिलं ते अजून सांगितलेलं नाही. निकालानंतर जयम्मा दुकानात आली. मी तिला बसायला स्टूल दिलं. तिनं पिशवीतून तोच ब्लाउज काढला. "हरले ते हरले," ती म्हणाली, "फिरून फिरून बारीक पण झाले. हा जरा आत घेऊन दे."

*

पंचायतीच्या पहिल्या मीटिंगला आमच्या ह्यांनी मला गाडीवरून सोडलं. आत गेलो तर टेबलाभोवतीच्या खुर्च्यांवर निवडून आलेल्या पुरुषांच्या जोडीला निवडून आलेल्या बायकांचे नवरे बसलेले, आणि बायका भिंतीशी बाकावर. कारकुनानं सवयीनं ह्यांच्यासाठी खुर्ची ओढली. ह्यांना जास्त बोलायची सवय नाही. ते म्हणाले, मी सोडायला आलोय, इथं चहा कुठं चांगला मिळतो? मग बसलेल्या नवऱ्यांना साधेपणानं विचारलं, "येताय? मीटिंग यांची आहे ना."

एक जण उठला. त्याच्याकडे बघून दुसरा. खुर्च्या सरकत गेल्या.

बायकांच्या जागी बसलेले राहिले फक्त सिद्देगौडा, गावातलं सगळ्यात मोठं घर. निवडून आली होती त्यांची सून भाग्या, पण सगळा प्रचार त्यांनीच केला होता. भाग्या कधी त्यांच्यासमोर मान वर करत नसे. तिचा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. त्यांना उठा म्हणायची हिंमत कुणाला होईना. कारकून कागद चाळत राहिला.

शेवटी त्यांनीच खुर्चीत अर्धवट वळून विचारलं, "भाग्या, मीही बाहेर बसू काय?"

आम्ही सगळ्या जणी खाली बघत होतो. भाग्या उठली, पदर नीट केला आणि खुर्चीपाशी आली. सासऱ्याला इथं मावा म्हणतात.

"हूं, मावा," ती म्हणाली. "जाताना दार ओढून घ्या."