दिवाळसणाला निघालेला वाघ

नाशिकहून हरसूलला एस्टी जाते. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे वाचताना "मग एस्टीनं का नाही गेलात?" असं कुणी विचारायला नको. त्या आठवड्यात मला ते इतक्या जणांनी विचारलं होतं, की शेवटी मी सायकलला तेल देतानाही दार लावून घेत होतो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी सातपूरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि वैशाखात माझं लग्न झालं होतं. सासरे हरसूलला शाळामास्तर. सगळा मुलूख त्यांना गुरुजी म्हणायचा, मी मामा म्हणायचो. माझी सायकल काळी, दणकट, मागे कॅरिअर, पुढे डायनामोचा दिवा. ती त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होती. लग्नाच्या पंगतीतच म्हणाले, "जावईबापू, ही विका आता. स्कूटर घ्या. गुरुजींचा जावई घाटात पायडल मारत येतो, हे बरं दिसत नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभाव. म्हणालो, "मामा, दिवाळसणाला सायकलवरच येतो. वसुबारसेला, दिवेलागणीच्या आत."

"नाही आलात तर?"

"तर सायकल विकतो!"

बोलून गेलो आणि मग जिलेबी गोड लागेना. कारण सायकल मला खरोखर जीव की प्राण होती.

सुमन, म्हणजे माझी बायको, दोन दिवस आधीच माहेरी गेली. जाताना म्हणाली, "हट्ट सोडा म्हणत नाही. पण पंपाचा वॉशर बदलून घ्या." या एका वाक्यावर मी तिच्यावर जन्मभर खूष आहे.

वसुबारसेला सकाळी निघालो. द्राक्षबागा मागे टाकत गिरणाऱ्याला आलो, तर रस्ताभर टोमॅटोच्या गाड्या. तिथे चहा घेतला. शेजारच्या शेतकऱ्यानं सायकलीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं.

"कुठवर?"

"हरसूल."

"गाडी चुकली का?"

"नाही, मुद्दाम चाललोय."

त्यानं चहावाल्याला हाक मारली, "पाव्हण्याला खारी दे रे. लय लांब जायचंय बिचाऱ्याला."

गिरणाऱ्यानंतर मात्र रस्ता आपला एकट्याचा होतो. डावीकडे धरणाचं पाणी डोकावतं, मग डोंगर जवळ येतात. खुरासणीच्या पिवळ्या फुलांनी उतार भरलेले, खाचरांत भात कापणीला आलेला, आणि मध्येच सागाच्या झाडीतून येणारा गार वारा. वाहन आलंच तर ते आधी कानाला कळतं आणि बऱ्याच वेळानं डोळ्यांना दिसतं. मी मोठ्यानं गाणी म्हटली. ऐकायला कुणी नसलं की माझा आवाज चांगला लागतो.

वाघेऱ्याच्या घाटात गाणी बंद झाली. उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई सहज मला मागे टाकून पुढे गेली, मग थांबून तिनं विचारलं, "चाकं हायत ना त्याला? मंग तूच का त्याला नेतूस?" उत्तर द्यायला मला दम नव्हता. तिनंही फार वेळ वाट पाहिली नाही.

घाट चढून उतार लागला. वाऱ्यात शर्ट फुगवत मी सुटलो आणि मनातल्या मनात सासऱ्यांना नमवत असतानाच मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. समोर रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसलेला पाडा (छोटी वस्ती) होता.

पंक्चर शोधायला पाणी लागतं. सोनीबाई नावाच्या, माझ्या आईच्या वयाच्या बाईनं घमेलं भरून आणलं. मी सायकल उलटी केली, ट्यूब बाहेर ओढली, बुडबुडा शोधला, ठिगळ लावलं आणि वाळत ठेवलं. मान वर केली तर अख्खा पाडा भोवती उभा. तिथेच झाडाखाली शेंदूर लावलेला वाघदेव होता. त्या दिवशी तिथे वाघबारस. वर्षभर वाघानं गुरांना हात लावू नये म्हणून गुराखी वाघदेवाची पूजा करतात, खीर शिजवतात. मग एकजण वाघ होतो, आणि त्याला सगळे मिळून शिवेबाहेर (गावाच्या हद्दीबाहेर) पिटाळतात.

"आमचा वाघ पडलाय," पूजा करणारे धर्माबाबा म्हणाले. दरसालच्या वाघाचा पाय मुरगळला होता. "तू नायतरी शिवेबाहेरच चाललास. व्हशील का वाघ?"

आता खरं सांगतो. कारखान्याच्या नाटकात मी हवालदार झालो होतो आणि मला एकच वाक्य होतं. त्यामुळे मुख्य भूमिका अशी चालत आलेली पाहून मला राहवेना. ठिगळ वाळतंय तोवर होऊन जाईल, असा हिशेब केला. त्यांनी कोळसा आणि गेरूनं तोंडावर पट्टे ओढले, अंगावर घोंगडी टाकली. मी डरकाळी फोडली. सोनीबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आमच्या शिवारात येशील?" सगळे ओरडले.

यावर "नाय येणार!" म्हणायचं आणि पळायचं, एवढंच काम. पण मी छाती पुढे काढून गरजलो, "नाही येणार! वर्षभर या मातीला पाय लावणार नाही! वाघदेवाची शपथ!"

सगळे गप्प झाले. मला वाटलं, दाद आहे. मग हाकाटी उठली, पाठीवर वाळकाच्या (काकडीसारख्या फळाच्या) फोडी बसू लागल्या आणि मी जीव घेऊन पळालो. हरसूलच्या बाजूला ओहोळ होता, तीच शीव. तो ओलांडला. मंडळी अलीकडे थांबली. मी हसत परत फिरलो, तशी धर्माबाबांनी काठी आडवी धरली.

"थांब. वर्साची भाक दिली ना तू?"

"बाबा, ते नाटक होतं!"

"वाघदेवाम्होरं नाटक नाय."

"मग दरसालचा वाघ काय करतो?"

"तो नुसतं नाय येणार म्हनतो. मंग व्हाळात तोंड धुतो आन मानूस व्हऊन खीर खायाला येतो. वरीस तर तूच बोललास."

म्हणतात ना, अति तिथे माती. उलटी सायकल वाघदेवासमोर, ट्यूब बाहेर लोंबतेय, मी शिवेबाहेर आणि सूर्य डोंगराकडे कललेला. हरसूल अजून तासाभराच्या चालीवर होतं. पायी गेलो असतो तर वेळेत पोचलो असतो, पण सायकलीशिवाय पोचणं म्हणजे पैज हरणंच होतं.

"कुणाला ट्यूब बसवता येते का?" मी ओरडलो. कुणालाच येत नव्हतं. मग सोनीबाईंनी पदर खोचला. मी ओहोळापलीकडून बोंबलायचं, मध्ये उभ्या माणसांनी ते पुढे पोचवायचं आणि सोनीबाईंनी करायचं, असं काम सुरू झालं.

"ट्यूब आत घाला!"

"घातली!"

"नळी भोकातून बाहेर काढा!"

"कोन्च्या भोकातून?"

टायर तीनदा बसला आणि दोनदा उलटा बसला. पंप मारताना माणसं रांगेनं उभी राहिली, कारण प्रत्येकाला एकेकदा मारायचा होता. वॉशर नवा होता म्हणून निभावलं. अखेर चौघांनी सायकल खांद्यावर घेऊन ओहोळ ओलांडला. मागून सोनीबाई पळसाच्या पानावर खीर, नागलीची भाकरी आणि भुजं (भरडलेल्या उडदाची दाट आमटी) घेऊन आल्या. "उपाशी नको जाऊ, वाघा." मी उभ्या उभ्या खाल्लं. त्यांचे हात ग्रीसनं माझ्या तोंडापेक्षा काळे झाले होते.

मग जे पायडल मारले ते सांगत नाही. हरसूलला शिरलो तेव्हा अंधारून आलं होतं. दारात सासरे उभे. ओट्यावर पणती तेल घालून तयार, पण पेटलेली नाही. सासूबाई घरभर काडेपेटी शोधत होत्या. मी घंटी वाजवली, तशी काडेपेटी त्यांच्या कमरेलाच सापडली.

सासरे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "हे काय?"

"वाघ," मी म्हणालो आणि ओट्यावर बसलो.

दिवाळी झाली. परतीच्या दिवशी पाड्याचा प्रश्न आला. दिलेली भाक पाळलीच पाहिजे, असं सासऱ्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "तुम्ही ओहोळाकाठानं वळसा घाला. पाड्यातून सायकल मी ढकलत नेतो." सुमन मागून एस्टीनं येणार होती. सासरे धोतर सावरत माझ्या कॅरिअरवर बसून शिवेपर्यंत आले.

मी काट्याकुट्यांतून वळसा घालून नाशिकच्या बाजूला रस्त्यावर येऊन थांबलो. बराच वेळ कुणी येईना. मग घंटी ऐकू आली. धोतर खोचलेलं, टोपी मागे सरकलेली, आणि गुरुजी सायकलवर! मागे सगळा पाडा ओरडत होता. मला ओलांडून ते तसेच पुढे गेले, वळले, परत आले, पुन्हा गेले.

"मामा, तुम्हाला येते?"

"ट्रेनिंगला असताना भाड्याची चालवायचो. त्यानंतर आज." त्यांचा श्वास फुलला होता आणि डोळे लखलखत होते.

"मग ही खुपत का होती तुम्हाला?"

ते ब्रेकशी चाळा करत राहिले. "खुपत कुठे होती? विका, विका म्हणत होतो. कुणाला, ते तुम्ही विचारलंच नाहीत."

मला हसावं की रडावं कळेना. जी वाचवायला मी एवढा घाम गाळला, ती शिवेवर माझ्या समोरच गेली होती. पण त्या माणसाच्या हातातून ती परत घ्यायला माझा हात उठेना.

"पैज जिंकलोय, त्यामुळे विकणार नाही," मी म्हणालो. "अशीच घ्या."

एस्टी आली. हात केला, चढलो. सुमन खिडकीशी होती.

"सायकल?"

"मामांना दिली."

ती हसून सरकली. "मागितली एकदाची! म्हणून तर म्हटलं होतं, वॉशर बदलून घ्या. हरसूलला मिळत नाही."

मी मागे वळून पाहिलं. गुरुजी घंटी वाजवत पाड्यात शिरत होते.