सॅलिन्सपर्यंत बोट नेली तो दिवस

माझं घर कालव्यातल्या बोटीत आहे. लांबच लांब, अरुंद, लोखंडी बोट. आत बिछाना, शेगडी, टेबल आणि मी. घटस्फोटानंतर डब्लिनमधला ॲडम्सटाउनचा फ्लॅट सुटला तेव्हा मी ही घेतली. आठवड्यातले दोन दिवस सँडीफोर्डच्या ऑफिसला जाते, बाकीचं काम बोटीतूनच. हे कळल्यावर कोल्हापूरला माझ्या वडिलांची, अण्णांची, तळपायाची आग मस्तकात गेली. "इंजिनिअर केली ती काय नावेत राहायला?" असं फोनवर ओरडले आणि पुढच्या महिन्यात थेट डब्लिनला येऊन थडकले. मला घरी न्यायला.

आठ दिवस मी त्यांचं "चल की गं घरी" ऐकून घेतलं. नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. बोट तेव्हा रॉबर्ट्सटाउनला उभी होती, आणि कायमची जागा त्याच कालव्यावर पुढे सॅलिन्सला मिळाली होती, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. मी म्हणाले, "अण्णा, आज संध्याकाळच्या आत ही बोट मी तिथे नेऊन बांधली, तर पुन्हा 'घरी चल' म्हणायचं नाही."

"आणि न्हाई जमलं तर?"

"तर येते तुमच्याबरोबर."

बोलून बसले खरी. एवढं अंतर मी कधीच कुणा जाणत्या माणसाशिवाय गेले नव्हते. पण आता शेंडी तुटो की पारंबी, माघार घेणार नव्हते.

"लॉकमध्ये दोरी तेवढी मी धरतो," अण्णा म्हणाले. "तुझ्या आईला काय तोंड दाखवू नायतर?"

लॉक म्हणजे कालव्यातली पायरी. दोन्ही टोकांना दारं असलेली दगडी खोली असते. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं आणि पुढच्या दाराची झडप उघडायची. पाणी उतरतं, तशी बोट खाली जाते. काठावरच्या माणसानं दोरीचा एक वेढा खुंटाला घालायचा आणि बोट उतरेल तशी दोरी सैल सोडत राहायची. बांधायची मात्र नाही, काही झालं तरी नाही. हे मी अण्णांना दोनदा सांगितलं. त्यावर ते फिस्कारले, "चाळीस वर्सं पाटबंधारे खात्यात काढली. मला पाणी शिकवतीस व्हय?"

पहिला लॉक छान पार पडला. कुत्रं फिरवणारा एक म्हातारा काठावरून "ग्रँड!" अशी दाद देऊन गेला आणि मी उगीच फुशारले.

दुसऱ्या लॉकला मी झडप उघडून बोटीवर परतले. पाणी उतरू लागलं. फूटभर उतरलो असू, आणि आतून कुकर घरंगळल्याचा आवाज आला. मग ताटं कोसळली. मागे वळून पाहते तो बोटीचं मागचं टोक वरच अडकलेलं आणि पुढचं खाली चाललेलं. दोरी ताणून काठीसारखी झाली होती. अण्णांनी खुंटाला पक्की गाठ मारली होती, गोठ्यात म्हशीला मारतात तशी!

"अण्णा, दोरी सोडा!"

सुटतेय कुठली? त्या गाठीवर अख्ख्या बोटीचं वजन होतं.  पुढून आत पाणी यायला दोन वितीही उरल्या नव्हत्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"झडप! झडप पाडा आधी!"

पंचाहत्तरीचा माणूस असा पळालेला मी पाहिला नव्हता. त्यांनी झडप पाडली. पाणी थांबलं. आणि मग मी न सांगता ते मागच्या, वरच्या पाण्याकडच्या दाराकडे गेले आणि तिथली झडप अगदी बोटभर उघडली, थोडं थांबून आणखी बोटभर. पाणी हळूहळू भरलं, बोट सरळ झाली, दोरी सैलावली. जिवात जीव आला तेव्हा कुठे मी ओरडले, "बांधायची नाही म्हणाले होते ना!"

ते दाराच्या लाकडी दांड्यावर बसले होते. चेहरा पांढराफटक.

"तू खाली चाललीस," ते म्हणाले. "दोरी हातातनं निसटली तर? म्हणून बांधली." आणि लगेच, "बास झालं. मला न्हाई बघवत. चल घरी."

 खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, जावं. पण मी गाठ सोडवली आणि दोरी त्यांच्या हातात दिली.

"पुन्हा करायचं. हाच लॉक. आत्ता."

केला. दोरी इंच इंच सोडताना ते पुटपुटत होते, देवाचं नाव घेत होते की मला शिव्या देत होते, कळलं नाही. पुढच्या लॉकनाही त्यांनी दोरी तशीच सोडली.

सॅलिन्सला पोचलो तेव्हा वारा सुटला होता. दोन बोटींच्या मधल्या जागेत शिरायचं होतं. पहिल्यांदा वाऱ्यानं ढकलून दिलं. दुसऱ्यांदा शेजारच्या बोटीला घासता घासता वाचले. अण्णा पुढे उभे होते. "उतरू का?" असं त्यांनी विचारलं नाही, आणि मीही बोलावलं नाही. तिसऱ्यांदा मी बोट वाऱ्यात तिरकी घातली, काठ जवळ येताच दोरी घेऊन उडी मारली आणि आधी पुढचं टोक बांधलं, मग मागचं. उजेड अजून भरपूर होता.

अण्णांनी उतरून दोन्ही गाठी वाकून पाहिल्या.  थोडं लांब जाऊन त्यांनी आईला फोन लावला.

"व्हय, बांधली. तिनंच. न्हाई, येत न्हाई ती." मग बराच वेळ ऐकत राहिले. "न्हाई म्हणतो ना. तिची खोली मोकळी कर आता. कपाटातले कपडे कुणाला तरी देऊन टाक. उगं किती दिवस ठेवायचे?"

मला हेच हवं होतं. आणि तरी वाटलं, धावत जाऊन फोन हिसकावून घ्यावा आणि आईला सांगावं, खोली तशीच राहू दे गं.

नाही सांगितलं.