तिसरी टपली

कॅनडात किचनरला आम्ही बेसमेंटमध्ये राहायचो आणि वर आमची घरमालकीण, वेल्समधून आलेली एक म्हातारी. दुपारी मला चहाला बोलवायची आणि तिकडच्या विहिरी-तळ्यांच्या गोष्टी सांगायची. एका तळ्यातून म्हणे एक बाई वर आली आणि तिने गुराख्याशी लग्न केलं. अट एकच. विनाकारण तीनदा मारलंस, तर मी माझी गुरं घेऊन तळ्यात परत. आणि मारणं म्हणजे काय, तर थट्टेत दिलेली चापटसुद्धा मोजायची! अगं बाई, ही तर आपल्या विहिरीतली आसराच, मी मनात म्हटलं.

तेव्हा पुण्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि नवरा मला सोडायला तयार नव्हता. "माझी नवी नोकरी, मला रजा नाही. तू एकटी गेलीस तर मी खाऊ काय, बर्फ?" ह्या माणसाला बोलताबोलता डोक्यात टपली मारायची खोड. त्या संध्याकाळी मी त्याला गोष्ट सांगून बजावलं, "तिसऱ्या टपलीला मी चालले. कुकर, मिक्सर, सगळी गुरंढोरं घेऊन."

"चल, वेडी कुठली!" म्हणत त्याने लगेच एक मारली.

"एक," मी म्हटलं.

दुसरी ग्रोसरीच्या दुकानात पडली, मी कोथिंबीर समजून पार्सली उचलली म्हणून. मग मात्र गडी सावध झाला. मी त्याच्या चहात मीठ घातलं, सिनेमाचा शेवट आधीच सांगून टाकला, पण पठ्ठ्याचे हात खिशात! एकदा हात वर गेलाच, तर त्याने स्वतःचंच डोकं खाजवलं. हसून हसून माझी पुरेवाट झाली. पण लग्न जवळ येत होतं, आणि आईचा फोन आला की मला भडभडून यायचं.

एका शनिवारी तो म्हातारीच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला वर गेला आणि खाली आला तो थेट स्वयंपाकघरात. मी पोळ्या करत होते. मागून येऊन त्याने अलगद टपली मारली.

"झाल्या तीन. जा लग्नाला."

मी लाटणं घेऊन नाचणारच होते, पण त्याचा चेहरा बघितला. "काय झालं रे?"

"म्हातारीला विचारलं, ती तळ्यातली परत आली का कधी. आली म्हणे. पण नवऱ्यासाठी नाही, मुलांना भेटायला." तो तव्याकडे बघत राहिला. "आपल्याला तर अजून मूलही नाही गं."