काचेवरची एक्केचाळिसावी ओळ

लोक त्याला काचवाला म्हणत. काचेच्या धंद्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. घरं विकून देणारा दलाल तो. पण त्याच्या दुकानाची दर्शनी काच येणारा-जाणारा थांबून वाचायचा. तिच्यावर पांढऱ्या तेलरंगानं, बारीक ब्रशनं, ओळीनं लिहिलेलं असायचं: ओळीचा नंबर, गल्ली, खोल्या किती आणि घर कितीला गेलं. मागितलेला भाव नाही. मिटलेला.

या धंद्यात मागितलेला भाव ओरडून सांगायचा असतो आणि मिटलेला गिळायचा असतो. विकणारा शेजाऱ्यांना फुगवून सांगतो, घेणारा पाहुण्यांना कमी करून सांगतो, कागदावर तिसराच आकडा बसतो. खरा काय तो दलालाच्या पोटात, आणि त्यावरच दलालाचं पोट.

"तू भाव फोडतोस," शेजारच्या दुकानातला दलाल म्हणायचा. तो उन्हाळ्यातही टाय लावायचा म्हणून त्याला टायवाला म्हणत. "आपल्याच पोटावर पाय देतोस लेका. गिऱ्हाईकाला सगळं कळलं, तर ते आपल्याकडे झक मारायला येईल का?"

"येतंय की," काचवाला म्हणायचा. आणि यायचं.

हे खूळ त्यानं उगाच घेतलं नव्हतं. तरुणपणी त्यानं एका शिंप्याला गंडवलं होतं. शेजारचं घर तेवीसला गेलेलं, ह्यानं अठरा सांगितलं. शिंप्यानं बिचाऱ्यानं आपलं एकोणीसला दिलं. वर्षभरानं त्याला खरं कळलं. नेमका तेव्हाच हा त्याच्याकडे पँट शिवायला टाकायला गेला होता. शिंप्यानं शिव्या दिल्या नाहीत. कमरेला टेप लावली आणि शांतपणे म्हणाला, "छत्तीस भरतेय साहेब. चौतीस सांगू का? तुम्हाला बरं वाटेल." ती पँट त्यानं कधी घातली नाही. पुढच्या महिन्यात काचेवर पहिली ओळ आली.

नियम मात्र त्यानं दगडासारखे करून ठेवले. काचेवर आकड्याशिवाय काही लिहायचं नाही. कुणी अडचणीत विकलं, कुणी हौसेनं जास्त मोजले, ते लिहायचं नाही. एका बेकरीवाल्यानं विनवलं होतं, "बाजूला एवढंच लिहा की मला घाई होती." हा म्हणाला, "काचेवर रडगाणं नाही." हा हट्टच पुढं त्याच्या मुळावर आला.

एका सकाळी तो स्टुलावर उभा राहून नवी ओळ लिहीत होता. एक्केचाळीस हा नंबर लिहून झाला होता, तेवढ्यात मागून थोरली बहीण आली. तिच्या हातात दवाखान्याची पिशवी होती.

"कुणाचं रे?"

"तुझ्या शेजारचं. काल मिटलं."

"कितीला?"

"एकतीस लाख."

ताई पायरीवरच बसली. "एकतीस? अरे, त्या दोघा भावांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं, म्हणून आठ दिवसांत फुंकून टाकलं त्यांनी. गल्लीत बाकी कुणाचं चाळिसाच्या खाली गेलंय का?"

"नाही गेलं."

"आणि माझं पुढच्या आठवड्यात दाखवायला काढायचंय. येणारा प्रत्येक जण तुझी काच वाचून येणार. म्हणेल, भिंतीला भिंत लागून आहे, बाई, बत्तीस घ्या. तुझ्या भावोजींच्या फुप्फुसाचं ऑपरेशन बत्तिसात बसत नाही रे."

ब्रशवरचा थेंब बुटावर पडला.

"बाजूला लिही, घाईत विकलं म्हणून."

"तसं लिहीत नाही मी, ताई. बेकरीवाल्याला हाकललंय त्यावरून."

"मग ओळच राहू दे. माझं घर जाईस्तोवर." ती उठली, पिशवी सावरली. "तू नापास झालास की तुझी प्रगतिपुस्तकं मी गादीखाली लपवायची. तेव्हा बरा नाही आलास विचारायला, खरं काय नि खोटं काय."

ती गेली. त्यानं ब्रश धुतला. नंबर मात्र पुसला नाही. पुसला तर खोटेपणा झाला असता, असं त्याला वाटलं. रिकामा ठेवला की तो नुसता उशीर. खोटं बोलायची सवय मोडलेल्या माणसाचा हा हिशोब. सराईत असता, तर नंबर पुसून मोकळा झाला असता.

ताईचं घर बघायला एक नर्स आली. चाळिशीची, पायात रबरी चपला, रात्रपाळीचे डोळे. ती आणि तिची आई बारा वर्षं एका खोलीत राहत होत्या. आईला वेगळी खाट टाकायला जागा हवी होती. घराच्या आधी तिनं काच बघितली. मोबाईलवर फोटो काढला, गल्लीच्या ओळी बोट लावून वाचल्या. चव्वेचाळीस लाख. बेचाळीस. पंचेचाळीस.

"काका, एक्केचाळीस नंबर रिकामा कसा?"

"तो सौदा अजून पुरता मिटला नाही, सिस्टर."

वीस वर्षांतलं पहिलं खोटं. किती सहज आलं, याचंच त्याला नवल वाटलं.

तिनं ताईशी झुंजून भाव केला. पंचेचाळीसवरून त्रेचाळीसवर आणला आणि दुकानात येऊन लहान मुलीसारखी हसली. "दोन लाख तोडले, काका! बँकेतल्या साहेबांनाही तुमच्या काचेचाच फोटो दाखवला. म्हटलं, इथं थापा नसतात."

त्यानं ताईकडून दलाली घेतली नाही. सिस्टरकडून घेतली. नाही घेतली असती, तर तिला शंका आली असती.

बेचाळिसावी ओळ त्यानं लिहिली: त्रेचाळीस लाख. वरची रिकामीच. ठरल्याप्रमाणे ती आता भरायला हवी होती. पण आता भरली, तर वाचणार कोण? सिस्टरच. रोज सकाळी शटर उघडलं की त्याची नजर आधी त्या नंबरवर जायची. तो ब्रश काढायचा आणि परत ठेवायचा.

भावोजींचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी ते गेले. ताई लेकीच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराशी गादी टाकून राहू लागली. तो भेटायला गेला तेव्हा ती म्हणाली, "ओळ लिहिलीस का रे?" त्यानं नाही म्हणून मान हलवली. ती भिंतीकडे वळून झोपली.

शेवटी खरं बाहेर आलं ते कपडे वाळत घालताना. एकतीसला घेणारा शेजारी इलेक्ट्रिशियन होता, दिलदार माणूस. सिस्टरच्या आईला कुंपणावरून म्हणाला, "आजी, एकतिसात घर मिळालं, नशीबच म्हणायचं. तुम्ही किती मोजले?"

सिस्टर रविवारी सकाळी आली, पाळी संपवून, युनिफॉर्मवरच. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. ती आत आली नाही. दारातूनच म्हणाली, "काका, ब्रश द्या."

"सिस्टर, बसा. सांगतो. त्या भावांची भांडणं होती, घाईत—"

"मग हे मला तेव्हा सांगायचं. मी ऐकलं असतं. कदाचित तरीही घेतलं असतं. आईला बिनजिन्याचंच घर हवं होतं. पण मला विचार तरी करता आला असता की नाही?"

"मी दलाली परत करतो."

"ठेवा. रंगाला लागेल." तिनं हात पुढंच ठेवला होता. "ब्रश."

त्यानं डबी उघडून दिली. स्टूलही दिलं, धरूनही ठेवलं. एक्केचाळीसपुढं तिनं गल्ली लिहिली, खोल्या लिहिल्या, एकतीस लाख लिहिलं. रंग जास्त झाला आणि आकड्याचा ओघळ खालच्या ओळीवर, तिच्याच घरावर आला.

"तुमच्यासारखं अक्षर नाही माझं," ती म्हणाली. "पण वाचता येतंय ना?"

"येतंय."

"आता आठवड्याला दोन पाळ्या जास्त करते मी. आईला वाटतं, बढती मिळाली."

ती गेली. आत बसलेली दोन्ही गिऱ्हाइकं बाहेर येऊन काचेसमोर उभी राहिली, दोन ओळी वाचल्या, एकमेकांकडे बघितलं आणि चपला घालून चालू पडली.

संध्याकाळी टायवाला दारात आला. डाव्या हातात चहाचे दोन कप. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "घे रे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. "शेवटी आमच्यातलाच निघालास. उगाच एकटा पडला होतास."

काचवाल्यानं चहा घेतला.

त्यानं तो ओघळ पुसला नाही. ओळी अजूनही लिहितो, मिटलेल्या भावाच्या, अगदी खऱ्या. एकही गाळत नाही. पण आता येणारं गिऱ्हाईक खुर्ची पुढं ओढतं, आवाज खाली आणतं आणि म्हणतं, "ते काचेवरचं राहू द्या हो. खरं काय ते सांगा."

तो काचेवरचाच आकडा सांगतो. ते डोळा मिचकावतं.