माळ्यावरची चिकटपट्टी

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

कोपरीतलं आमचं घर जुनं, पत्र्याचं. पत्र्याखाली ऊन अडवणारी शीट बसवायची म्हणून आज माळा रिकामा केला. शीटवाला वर चढला आणि मी खालून सारखा ओरडत होतो, "नीट बघ हां, अर्धवट काम नको!"

तो वरून म्हणाला, "काका, ही वायर कोणी जोडलीय?"

बायको म्हणाली, "कोणी काय, आमच्या सातवी पास इंजिनियरने!"

सगळे हसले, मीही हसलो. वीस वर्षांपूर्वी पंख्यासाठी मीच ती जोडलेली. टेप नव्हती, म्हणून जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली.

त्याने ती पट्टी खाली आणून दाखवली. जळून काळी पडलेली. "शीटखाली झाकली गेली असती तर कळलंही नसतं, काका."

त्या वायरच्या अगदी खाली माझी नात झोपते.

वायरमन उद्या येणार. मेन स्विच बंद केलाय, तरी दहा-दहा मिनिटांनी जाऊन बघतोय, बंदच आहे ना. नात घामाघूम होऊन विचारते, "आजोबा, पंखा का नाही लावत?"

तिला काय सांगू?