पराभवाची खरेदी

त्या शनिवारी मला पहाटेच जाग आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझ्या मुलीच्या कॉलेजची मॅच होती. फुटबॉल, पण अमेरिकेतला, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात तो. त्यांच्या कॉन्फरन्सची, म्हणजे त्या भागातल्या मोठ्या कॉलेजांच्या गटाची, चॅम्पियनशिप. जिंकलो तर देशभरातल्या निवडक टीम्सच्या प्लेऑफमध्ये, हरलो तर वर्ष संपल्यात जमा. हरण्याची भीती कुठल्याही चाहत्याला वाटते. माझी भीती वेगळी होती. आपल्याला आतून हरायलाच हवंय की काय, अशी मला शंका आली होती, आणि ती काही केल्या जात नव्हती.

मी मूळची पुण्याची. गेली अठरा वर्षं सिंगापूरला, बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत. चांगी बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम सांभाळते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. घरी मी ते फुकट करते, असं माझा नवरा म्हणतो.

मुलगी अमेरिकेत शिकायला गेली ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी. वर्षभराने तिने फोनवर सांगितलं की तिने विषय बदलला. आता ती अॅथलेटिक ट्रेनिंग शिकणार होती. म्हणजे खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार, त्यांच्या सांध्यांना पट्ट्या बांधणं, मैदानाच्या कडेला उभं राहणं. मी एकच वाक्य बोलले. "लोकांच्या पायांना पट्ट्या बांधायला पाठवलं होतं का तुला?" त्या वाक्यानंतर ती आठ महिने माझ्याशी बोलली नाही. बापाशी बोलायची, मेसेजवर. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची की फोन वाजतोय का.

ते आठ महिने मी पुन्हा काढू शकणार नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तिची टीम टीव्हीवर दिसते, हे मला ऑफिसमधल्या एका अमेरिकन सहकाऱ्याकडून कळलं. मी पहिली मॅच लावली ती फक्त मैदानाच्या कडेला ती दिसते का ते बघायला. दिसली. दोन सेकंद. मरून टी-शर्ट, कमरेला पट्ट्यांची पिशवी, केस कापलेले. केस कापलेले मला माहीतच नव्हते. मी तिला मेसेज टाकला, "तिसऱ्या डाऊनला एवढ्या लांब बॉल का फेकला त्याने? चारच यार्ड हवे होते ना?" दहा यार्ड पुढे जायला चार संधी, म्हणजे चार डाऊन, मिळतात, एवढं मी दुपारभर बसून शिकले होते. पाच मिनिटांत फोन आला. "आई, तू बघत होतीस?"

तेव्हापासून प्रत्येक मॅचनंतर तिचा फोन. शेवटी "घरी कधी येतेस?" एवढं मी विचारायची, बाकी सगळं खेळाचंच. कोण नीट पळाला, कोणाचा खांदा दुखतोय, कोच कसा उगाच ओरडतो. मला त्या खेळाचं प्रेम बिम नव्हतं सुरुवातीला. पण आपली पोरगी ज्यांच्या पायांना पट्ट्या बांधते ती पोरं पडली की आपलाही गुडघा दुखतो. सोफ्यावर माझी डावीकडची जागा ठरलेली. एकदा चहाला उठले आणि आमच्या हातातला बॉल सुटला. त्यानंतर चहा थर्मासात. नवरा म्हणाला, "क्रिकेटच्या वेळी मला हसायचीस ना?" मी म्हटलं, "क्रिकेटमध्ये माझी मुलगी नव्हती."

त्या आठवड्यात गुरुवारी तिचा फोन आला, मॅच नसताना. 

"आई, दोन गोष्टी. एक, जिंकलो तर मी डिसेंबरमध्ये येत नाही. सुट्टीभर प्रॅक्टिस, स्टुडंट ट्रेनर्सना थांबावं लागतं. हरलो तर पुढच्या शनिवारी मी घरी."

दोन वर्षं ती घरी आली नव्हती. मी म्हटलं, "बरं." आवाज सरळ ठेवला.

"आणि दुसरी गोष्ट. तू ते करतेस ना, बाप्पाला पाण्यात ठेवतेस. ते कर ना आमच्यासाठी."

 देव पाण्यात घालणं ही माझ्या आईची सवय. घरात काही मोठं अडलं की देव्हाऱ्यातला देव पाण्यात, आणि काम होईपर्यंत तो तिथेच. मी ती सवय इकडे आणली. नवऱ्याच्या पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, अर्जाच्या वेळी देव पाण्यात, आणि मुलीच्या पीएसएलईच्या, म्हणजे इथल्या सहावीच्या परीक्षेच्या, वेळीही. तेव्हा बारा वर्षांची ती किती चिडली होती. "एक्झाम मी देतेय, पनिशमेंट त्याला का? तो ब्रीद कसा करणार, लाह?" ते शेवटचं लाह सिंगापूरच्या शाळेतलं. पुढेही ती माझ्या या प्रकाराला हसतच आली. आणि आता तीच मागत होती.

"इतकी टेन्स आहेस?" मी विचारलं.

"आपल्या क्वार्टरबॅकचा डावा घोटा अजून नीट नाही. तो म्हणतो, पट्टी मीच बांधायची. बाकी कोणी बांधली की त्याला भीती वाटते."

सगळा खेळ ज्याच्या हातात असतो, त्या मुलाचा घोटा माझ्या मुलीच्या हातात होता. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात हिशोब सुरू झाला, आणि टेस्टरचं डोकं एकदा चाललं की थांबत नाही. हरलो तर ती घरी येणार. पण हरणार कसे? टीम चांगली होती. हरायचं तर तो घोटाच जाणार. घोटा गेला तर पट्टी कोणाची? मी मनात जे मागेन ते बरोबर माझ्या मुलीच्या हातावर येऊन पडणार होतं. असल्या गोष्टी खऱ्या नसतात, मला समजतं. इंजिनिअर आहे मी. पण समजून भीती कमी होत नाही.

शनिवारी मी लिटिल इंडियात गेले. आणायची होती फक्त जास्वंदीची फुलं आणि दूर्वा. फुलं घेतली. मग तिथल्या एका चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानात शिरले, आणि तिथून पुढचं मला नीट आठवत नाही. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर पिशवीत पाहिलं तर साबुदाणा, दाण्याचं पाकीट, आंब्याचं लोणचं आणि कुठल्याशा मराठी बाईंनी घरी बनवून दुकानात ठेवलेली थालीपिठाची भाजणी. दोन पाकिटं.

भाजणी आमच्या घरी कोणी खात नाही. नवऱ्याला ती कडू लागते, मला ॲसिडिटी होते. खाते ती एकटी मुलगी, वर लोण्याचा गोळा घालून.

मी ते पाकीट हातात धरून बसले आणि मला उमगलं. देवाला फुलं आणायला गेले होते आणि पराभवाची खरेदी करून आले होते. शेजारची चिनी आजी माझ्याकडे बघत होती, कारण मी मोठ्याने "अगं बाई" म्हटलं होतं. घरी आल्यावर मी ती दोन्ही पाकिटं वरच्या कपाटात, डब्यांच्या मागे ढकलून दिली. पुरावा लपवावा तशी.

"काय लपवतेयस?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही."

"भाजणी दिसली मला."

मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू इथे डावीकडे बसलीस काय नि उजवीकडे, तिकडे कोणाला काही कळत नाही गं." त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि माझ्या काही कामाचं नव्हतं. त्याला झोप लागते, हा त्याचा मोठा गुण आहे.

रविवारी सकाळी सहाला अंघोळ करून मी देव्हाऱ्यातला पितळी गणपती बाहेर काढला. ताम्हन उथळ, पातेलं उष्टं-खरकटं बघितलेलं, म्हणून शेवटी काचेचं सॅलडचं भांडं धुवून पुसून घेतलं. पाणी ओतलं. गणपती सोंडेपर्यंत, मग डोळ्यांपर्यंत, मग पूर्ण बुडाला. काचेतून तो नेहमीपेक्षा मोठा दिसत होता आणि थेट माझ्याकडे बघत होता.

आता मागायचं होतं. हात जोडले. "आमची टीम" एवढं तोंडात आलं आणि पुढे शब्द थांबले. जिंकू दे म्हणायला गेले तर डोळ्यांसमोर चांगी विमानतळाचं दार यायचं, सरकतं, आणि त्यातून बाहेर येणारे सगळे लोक दुसऱ्यांचे. आणि तोंडातून भलतंच काही निघालं तर? देव पाण्यात आहे, शब्द दिला की दिला. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.  फुलं वाहिली आणि काहीही न मागता बाहेर आले. म्हणजे देवाला उगाचच बुडवून ठेवलं होतं मी.

साडेसातला व्हिडिओ कॉल आला. ती स्टेडियमच्या आतल्या कुठल्यातरी लांबलचक कॉरिडॉरमध्ये होती. मागे बँडचा आवाज, कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"बांधलीस पट्टी?" मी विचारलं.

"दोनदा. पहिली नीट नाही वाटली मला, काढून परत बांधली. आई, माझे हात शेक होत होते." मग म्हणाली, "बाप्पाला ठेवलंस?"

मी फोन फिरवून भांडं दाखवलं.

ती हसली. "सॅलड बोल? सीरिअसली?" मग हसू गेलं. "काय मागितलंस?"

खोटं बोलायला एवढी सोपी जागा मला आयुष्यात मिळाली नसेल. पण तो काचेतून बघत होता.

"काहीच नाही," मी म्हटलं. "मागताच आलं नाही गं. मला भीती वाटली, माझ्या तोंडून तुम्ही हरा असं निघेल. मला तू घरी हवी आहेस. काल मी भाजणीसुद्धा आणून ठेवली."

 स्क्रीनवर तिचा चेहरा अगदी स्थिर झाला, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग वाटलं, नाही, हे पुन्हा ते आठ महिने आहेत. इथूनच सुरू होतात. 

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"की तुला तसं वाटेल. म्हणून तर तुला ठेवायला सांगितलं. मला वाटलं, एकदा तू आमच्यासाठी मागितलंस की मग दुसरं काही मागणार नाहीस." तिने नाक पुसलं. "मला गेम इतकं घाबरवत नव्हता, आई. तुझीच भीती वाटत होती."

माझी. पोरीला माझ्या इच्छेची भीती वाटत होती, आणि मला वाटत होतं की ती फक्त मलाच वाटतेय.

कोणीतरी तिला लांबून हाक मारली. ती "कमिंग" ओरडली आणि परत फोनकडे वळली.

"आई, जिंकलो तर तू ये ना इकडे."

"मी?"

"हां. फ्लाइट दोन्ही बाजूंनी जाते, लाह. एव्हरी टाइम तू मला विचारतेस, कधी येतेस, कधी येतेस. 'मी येऊ का' असं तू एकदाही नाही विचारलंस. मला वाटलं, मी जे करते ते तुला बघायचंच नाही."

फोन बंद झाला.  मुलं घरी येतात, आईबाप वाट बघतात, याच्यापलीकडे माझ्या डोक्यात कधी काही आलंच नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात आयुष्य गेलं आणि ही एवढी मोठी समोर पडलेली दिसली नाही. रडू आलं, आणि रडायला वेळ नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले, भांड्यासमोर उभी राहिले आणि शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "जिंकू दे रे बाबा. तो घोटा सांभाळ. जिंकू दे."

नवरा दचकून बाहेर आला. मी त्याला म्हटलं, "आपले थंडीचे कपडे कुठे आहेत? जपानला गेलो होतो तेव्हाचे?"

"बेडरूमच्या कपाटावर, बॅगेत. का?"

"काढ."

नऊला दहा मिनिटं होती. टीव्हीवर दोन्ही टीम्स मैदानात येत होत्या. मी माझ्या डावीकडच्या जागेवर बसले. कॅमेरा आमच्या क्वार्टरबॅकच्या पायांवर गेला, घोट्यापाशी बुटाच्या वर पांढरी पट्टी दिसली. तो दोन उड्या मारून पाय तपासत होता. त्याच्या मागे, चित्राच्या कडेला अर्धीच दिसणारी, मरून टी-शर्टमधली एक मुलगी त्याच्या पायाकडेच बघत होती. आणि मग मला भीती वाटली, पहिल्यांदाच सरळ, बाकी सगळ्यांना वाटते तशी. हरलो तर?

तेवढ्यात बेडरूममधून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"अरे थांब!" मी बसल्या जागेवरून किंचाळले. जागा सोडायची सोय नव्हती. "बॅग काढू नकोस! आधी जिंकू देत त्यांना!"

"अगं, अर्धी खाली आलीय."

"ती परत वर ठेव!"

त्याने ती वर सरकवली. मला ऐकू आलं. आणि तिकडे शिट्टी वाजली.